कॉलमच्या अक्षरांचा क्रमांक आणि क्रमांकाची अक्षरं: कोडमध्ये कसं करावं

स्प्रेडशीटमध्ये कॉलमला ए, बी, सी अशी नावं असतात, पण कोडच्या लूपला आकडा लागतो. झेडपर्यंत काही अडत नाही. २७व्या कॉलमला एए हे नाव येतं आणि हिशेब चुकतो तो इथेच.

कारण एकदा समजून घ्या, मग सूत्र पाठ करावं लागत नाही. ही पद्धत २६ पायाची (म्हणजे दहाऐवजी २६ चिन्हांनी मोजणारी) दिसते, पण तिच्यात शून्य नाही. ए म्हणजे १, झेड म्हणजे २६.

नावावरून क्रमांक

आधी सगळी अक्षरं कॅपिटल करून घ्या. प्रत्येक अक्षराची किंमत म्हणजे त्याच्या आस्की कोडमधून (कॉम्प्युटरमध्ये त्या अक्षराला ठरलेला आकडा) ६४ वजा, कारण कॅपिटल एचा कोड ६५ आहे. बेरीज शून्यापासून सुरू करा. डावीकडून एकेक अक्षर घेत, आधीच्या बेरजेला २६ ने गुणून त्यात नव्या अक्षराची किंमत मिळवा. एक्सएफडी घेऊन बघू: एक्सचे २४. २४ गुणिले २६ म्हणजे ६२४, त्यात एफचे ६, झाले ६३०. पुन्हा २६ ने गुणून १६,३८० आणि डीचे ४, म्हणजे १६,३८४. एक्सेलमध्ये २००७च्या आवृत्तीपासून हाच शेवटचा कॉलम आहे. त्याआधी २५६ कॉलम होते आणि यादी आयव्हीवर संपायची.

क्रमांकावरून नाव

इथे जपून. संख्या शून्य होईपर्यंत तीन गोष्टी करत राहा: संख्येतून आधी १ वजा करा, २६ ने भागून उरलेल्या बाकीत ६५ मिळवून त्या आस्की कोडचं अक्षर काढा आणि ते नावाच्या डावीकडे लावा, मग भागाकाराचा पूर्णांक नवी संख्या म्हणून घ्या.

तो १ वजा करायचा राहिला की ५२ वर गाडी घसरते. ५२ ला २६ ने भागल्यावर बाकी शून्य येते आणि ए म्हणजे १ धरलं तर शून्याला अक्षरच नाही. १ वजा केला तर ५१ ची बाकी २५, त्यात ६५ मिळवले की ९०, म्हणजे झेड; भागाकार १, त्यातून १ गेला की शून्य, त्यात ६५ मिळवले की ६५, म्हणजे ए. उत्तर एझेड. चाचणीला २६, २७, ५२, ७०२ (झेडझेड) आणि ७०३ (एएए) हे आकडे घ्याच. चूक असेल तर ती यांच्यात सापडते.

पायथॉनमध्ये ओपनपायएक्सएल (एक्सेल फाईल वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) वापरत असाल तर दोन्ही कामांची तयार फंक्शन्स त्यात आहेत. ती खुशाल वापरा. मोजणी कुठून सुरू होते ते मात्र आधी बघा. ओपनपायएक्सएल आणि गूगलचं ॲप्स स्क्रिप्ट (गूगल शीट्ससाठी कोड लिहायची सोय) कॉलम १ पासून मोजतात, एक्सएलएसएक्सरायटर (एक्सेल फाईल लिहिणारी पायथॉन लायब्ररी) आणि पांडाज या डेटा-लायब्ररीतलं आयलॉक (क्रमांकावरून कॉलम काढणारं) शून्यापासून. दोन्ही प्रकारची मोजणी एकत्र वापरताना हा फरक जुळवला नाही तर शेजारच्याच कॉलमचा डेटा येतो आणि एररही दिसत नाही, म्हणून हा घोळ लवकर लक्षात येत नाही.

नावं क्रमाने लावायची असतील तर क्रमांकात बदलून मगच लावा. नुसत्या अक्षरांवर लावली तर एए हा बीच्या आधी येतो.

फाईल दुसऱ्या कुणाकडून येत असेल तर मी अक्षरांवर विसंबूच नये असं सांगेन. मध्ये एक कॉलम घातला की पुढची सगळी अक्षरं सरकतात. त्यापेक्षा पहिल्या ओळीतली शीर्षकं वाचा, मागचीपुढची स्पेस काढून टाका, शीर्षक आणि क्रमांक यांची डिक्शनरी (शीर्षक दिलं की क्रमांक देणारी यादी) बनवा आणि कॉलम शीर्षकावरूनच शोधा. एकच शीर्षक दोनदा आलं किंवा हवं ते सापडलं नाही, तर प्रोग्रॅम तिथेच थांबवून नेमकं कुठलं शीर्षक ते मेसेजमध्ये दाखवा.