वजनकाटा आधी, बोर्ड नंतर

माझा मेव्हणा कोल्हापूरचा. उंची ६ फूट २ इंच, वजन १०४ किलो. कॉलेजात असताना तालमीत जायचा, खांदे अजून तसेच आहेत. परवा त्याचा फोन आला, "भाऊजी, दिवाळीनंतर येतोय गोव्यात, आश्वेला. सर्फिंग शिकायचंय. बोर्ड केवढा लागेल? माझ्यापेक्षा अर्धा फूट मोठा असला की झालं ना?" मी म्हटलं, "तू आधी वजनकाट्यावर उभा राहा, मग बोलू." तो हसला. मला हसू आलं नाही, कारण हाच हिशेब मी स्वतः केला होता आणि त्यापायी अख्खा हंगाम वाया घालवला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. नव्वदी ओलांडलेले आणि दारातून वाकून आत येणारे इतरही असतीलच.

मी ६ फूट १ इंच, ९८ किलो. मांद्रेतला मुक्काम आवरून मायदेशी निघालेल्या एका पाहुण्याकडून मी ६ फूट ८ इंचांचा बोर्ड स्वस्तात घेतला. देखणा, टोकदार, माझ्याहून सात इंच उंच, म्हणजे माझ्याच मापाचा अशी माझी समजूत. त्यावर पालथा झोपलो की बोर्ड पाण्याखाली आणि मी अर्धा पाण्यात. हात मारमारून खांदे भरून यायचे, लाट यायची, मला ओलांडून पुढे जायची. शेजारच्या रापणकाराचा मुलगा, चाळीस किलोचाही नसेल, एकदा तोच बोर्ड मागून घेऊन गेला आणि दुसऱ्याच लाटेवर उभा राहिला. मी किनाऱ्यावर बसून बघत होतो.

त्या बोर्डचं आकारमान साधारण ४० लिटर होतं. शाळेत शिकलेला आर्किमिडीज इथे उपयोगी पडतो: एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलो भार उचलला जातो. बोर्डचं स्वतःचं वजन तीन किलो धरा, उरले ३७. चाळीस किलोच्या पोराला तो जवळजवळ पूर्ण पाण्यावर धरतो. मला धरताना मात्र बाकीचा भार माझं पाण्यात बुडालेलं अंगच उचलत होतं. बुडायला होत नाही, पण अंग जेवढं पाण्यात तेवढी ओढ, आणि ओढ असली की लाटेचा वेग गाठता येत नाही. होडी बांधणाऱ्याला नाखव्याची उंची कोणी सांगत नाही, भार किती घालायचा ते सांगतात. बोर्डचंही तसंच आहे.

त्यात आपला गोवा. ऑक्टोबर ते मे या काळात आश्वे, मांद्रे, हरमल इथे लाटा बहुतेक दिवस गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या, तळाला वाळू, आणि लाटेत जोर थोडा. शिकायला याहून चांगली जागा मिळणं कठीण, पण हीच लाट ५५ किलोच्या मुलीला अलगद उचलते आणि १०० किलोच्या माणसाकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्यात नसलेला जोर बोर्डने पुरवायचा असतो. जून ते सप्टेंबर लाटा मोठ्या, पण तेव्हा समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे आणि पाण्यात उतरायला मनाई. किनारे सांभाळणाऱ्या 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक शिट्टी मारतात तेव्हा वाद घालू नका.

व्हिडिओ बघून माप ठरवू नका, हेही आत्ताच सांगून ठेवतो. दक्षिण आफ्रिकेचा जॉर्डी स्मिथ चांगला सहा फुटांच्या वर, अंगानेही भरलेला, आणि त्याचा बोर्ड त्याच्या उंचीच्या आसपासचाच असतो. पण तो लहानपणापासून पाण्यात आहे आणि त्याच्या लाटा वेगळ्या. त्यापेक्षा हवाईच्या ड्यूक कहानामोकूकडे बघा. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेला हा सहा फुटी गडी कोआ लाकडाचा १६ फुटी बोर्ड वापरायचा, वजन ११४ पौंड, म्हणजे ५२ किलोच्या आसपास. मोठ्या बोर्डची लाज वाटत असेल त्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

तर निघण्याआधी घरी एक चिठ्ठी तयार करा. वजन आजचं लिहा, लग्नातलं नको. उंची लिहा. पावलाचं माप लिहा, कारण ११ नंबरच्या पायाला अरुंद बोर्डवर टाचा आणि बोटं कडेबाहेर लोंबकळतात. आठवड्यातून किती वेळा पोहता आणि सलग किती मिनिटं, तेही लिहा. खांदा कधी निखळला असेल, गुडघा दुखत असेल तर तेही. ही चिठ्ठी सर्फ स्कूलवाल्याच्या हातात दिली की तो तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून अंदाजाने बोर्ड काढत नाही.

आता लिटर. धंद्यातला ठोकताळा असा की अगदी नवख्याने जितके किलो तितके लिटर धरावेत, थोडं कमी चालेल. म्हणजे माझ्यासाठी ८५ ते ९८, मेव्हण्यासाठी ९० ते १०५. वीस-पंचवीस वेळा पाण्यात उतरून झाल्यावर, स्वतःच्या हातांनी लाट पकडता येऊ लागली की वजनाच्या पाऊणपट. रोज पाण्यात जाणारा आणि वळणं घेणारा माणूस आपल्याकडच्या मऊ लाटेवर निम्म्याच्या थोडं वर थांबतो. वय चाळिशीपुढे असेल किंवा पोहण्याचा सराव सुटला असेल तर प्रत्येक पायरीवर पाच-सात लिटर वाढवा. ही गणितं दगडावरची रेघ नाहीत, पण सुरुवातीला चुकायचंच असेल तर जास्तीच्या बाजूला चुका.

बोर्डवर लिटर लिहिलेले नसतील तर मेजरिंग टेप घ्या. लांबी, रुंदी, जाडी, तिन्ही इंचांत, एकमेकांनी गुणा आणि ६१ ने भागा. हे झालं त्या मापाच्या खोक्याचं आकारमान. बोर्ड दोन्ही टोकांना निमुळता आणि कडांना गोल, म्हणून त्याचे ५५ ते ६० टक्के धरा. फोमच्या बोर्डच्या कडा भरीव असतात, तिथे ६५ पर्यंत जा. ९ फुटी, २३ इंच रुंद, सव्वातीन इंच जाड बोर्ड घेऊ: १०८ गुणिले २३ गुणिले ३.२५ म्हणजे ८०७३, भागिले ६१, सुमारे १३२. साठ टक्क्यांनी ७९ लिटर, फोमचा असेल तर ८६. मापं नेहमी पाव-अर्ध्या-पाऊण इंचांत असतात, तेव्हा आजोबांनी घोकून घेतलेली पावकी-निमकी उतारवयात का होईना कामाला आली, हे मी आईला मुद्दाम सांगितलं.

पण लिटर तेवढेच असूनही दोन बोर्ड अगदी वेगळे वागतात, आणि दुकानात गोंधळ होतो तो इथेच. जाडजूड माणसाला सरळ जाडजूड बोर्ड दिला की काम झालं असं विकणाऱ्याला वाटतं. चार इंच जाडीचा बोर्ड पाण्यात बुचासारखा उसळत राहतो, कडा बोटांत मावत नाहीत आणि एका बाजूला झुकवायला गेलात की तो तुम्हालाच झुगारतो. म्हणून लिटर वाढवायचे ते आधी लांबीत, मग रुंदीत, आणि सगळ्यात शेवटी जाडीत. जाडी सव्वातीन, फार तर साडेतीनवर थांबवा. रुंदी २३ ते २४ इंच. उंच माणसाचा तोल वरच्या बाजूला असतो, एकेक इंच रुंदी त्याला आधार देते. बुटक्या, गठ्ठ्या माणसाला २४ इंचांवर हात पाण्यात टाकताना कडा काखेत घासते, पण तुमचे हात लांब आहेत, तुम्हाला चालेल. मेव्हण्याला मी ९ फूट ६ इंच, २४ इंच, साडेतीन इंच असं लिहून दिलं. फोमच्या बोर्डच्या हिशेबाने ते शंभर लिटरच्या आसपास जातं. "भाऊजी, हा तर दरवाजा झाला," तो म्हणाला. बरोबर, दरवाजाच हवा.

रुंदी कुठे आहे तेही बघा. मधोमध किंवा किंचित पुढे असेल तर छातीखाली भार उचलला जातो. भारी माणसाची छाती आणि पोट पुढचा भाग दाबतात, त्यामुळे टोकदार, पातळ नोज (बोर्डचं पुढचं टोक) लाटेच्या पायथ्याशी पाण्यात घुसतं आणि माणूस पुढच्या पुढे उलटतो. नोज गोल आणि भरलेलं घ्या. मागे टेलही चांगली रुंद असावी, तुमचा मागचा पाय तिथे सगळं वजन टाकणार आहे. मग बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने बघा: केळ्यासारखा वाकलेला असेल तर परत ठेवा. मधला भाग सपाट आणि नोज फक्त शेवटी उचललेलं, असा हवा. सपाट बोर्ड मऊ लाटेवरही घसरत राहतो, वाकलेला बोर्ड पाणी ढकलत बसतो.

भाड्याच्या फोम बोर्डच्या पोटात लाकडाच्या किंवा फायबरच्या पट्ट्या असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. किती आहेत ते विचारा. मुलांच्या बोर्डमध्ये एक असते किंवा नसतेच, आणि १०० किलोचा माणूस उभा राहिला की असा बोर्ड मध्ये लवतो, कधी कायमची घडी पडते. दोन किंवा तीन पट्ट्यांचाच घ्या. डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूला, आडवी सुरकुती असेल तर तो आधीच कुणीतरी मोडत आणला आहे. तुमच्या हातून मोडला तर भरपाई तुम्हालाच द्यावी लागेल, तेव्हा घेण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मी एकदा काढले नव्हते.

फिनकडे, म्हणजे बोर्डखालच्या कल्ल्यांकडे, फार वेळ घालवू नका. तीन फिनचा संच असेल तर ८५ किलोंच्या वर मोठं माप, एकच फिन असेल तर बोर्डच्या जितके फूट तितके इंच, हा जुना ठोकताळा पुरतो. लीश, म्हणजे पाय बोर्डला बांधणारी दोरी, बोर्डएवढी लांब आणि आठ मिलिमीटर जाडीची घ्या, पातळ लीश तुमच्या एका पडण्यात तुटेल आणि सुटलेला ९ फुटी बोर्ड किनाऱ्यावरच्या पोराटोरांच्या अंगावर जाईल. पाणी इथे बारा महिने कोमट, त्यामुळे वेटसूट नको. पण लांब बाह्यांची घट्ट रॅश वेस्ट आणाच, पोट आणि छाती बोर्डवर घासून दुसऱ्या दिवशी सोलवटते. थ्री-एक्सएल इथे पटकन मिळत नाही, घरून घेऊन या. कडक बोर्ड असेल तर वॅक्स (पाय घसरू नये म्हणून डेकवर चोळायचं मेण) गरम पाण्यासाठीचं घ्या, थंड पाण्याचं इथे लोण्यासारखं वितळतं. आणि अंगाला खोबरेल चोपडून पाण्यात उतरण्याची हौस राहू द्या, बोर्डवर पाय ठरणार नाही.

येण्याआधीच्या तीन आठवड्यांत पोहा आणि रोज जमिनीवर पालथे झोपून उठण्याचा सराव करा. लांब पाय पोटाखाली ओढून आणायला वेळ लागतो, त्याला बोर्ड काही करू शकत नाही. तालमीतल्या जोरांचा मेव्हण्याला फायदा होईल, पण १०४ किलो झटक्यात उचलायचे आहेत हेही खरं.

इथे आल्यावर पैसे देण्याआधी बोर्ड कमरेएवढ्या शांत पाण्यात नेऊन त्यावर झोपा. हनुवटी उचलून हात मारा. नोज पाण्यावर दोन-तीन बोटं राहिलं आणि डेक कोरडा असला तर माप जमलं. नोज आभाळाकडे गेलं तर थोडं पुढे सरका, बुडलं तर मागे. कुठेही सरकलात तरी डेकवर पाणी चढत असेल तर बोर्ड बदलून मागा, संकोच नको. जागा सापडली की हनुवटीखाली वॅक्सची एक रेघ ओढून ठेवा. पाण्यात चालताना पाय उचलू नका, वाळूतून घासत न्या, पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) दडलेलं असतं. उथळ पाण्यात पडायचं झालं तर मागे बसल्यासारखे पडा, डोकं खाली करून कधीच नाही.

विकत घेण्याची घाई नको. दहा दिवस भाड्याने वापरा, वेगवेगळे बोर्ड मागा, कोणत्या मापावर किती लाटा पकडल्या ते लिहून ठेवा. रेल्वेच्या डब्यात ९ फुटी बोर्ड शिरत नाही आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या बोर्डचा डेक फुगून सुटतो. स्वतःचा घ्यायचाच तर इथेच कुणाच्या तरी पडवीत सावलीला ठेवायची सोय आधी करा.

राहिला दिवस. मोरजीला शापोरा नदीच्या मुखाजवळ उतरू नका, ओढ फार. सकाळी मतलई वारे असेपर्यंत पाणी गुळगुळीत, दुपारी खारे वारे सुटले की लाटा विस्कटतात. भरतीची वेळ जुने लोक तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट, तितके वाजता भरती. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. पुनवेच्या उधाणात पूर्ण भरतीला लाट थेट काठावर आदळते, आणि भारी माणूस तिच्याबरोबर वाळूवर आपटतो. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाण्याचा चढउतार थोडा, आणि साडेआठ-नऊच्या सुमारास निम्मी ओहोटी झालेली असताना वाराही अजून फिरलेला नसतो. मेव्हण्याला मी कार्तिक शुद्ध अष्टमीला सकाळी आठला आश्वेला हजर राहायला सांगितलंय, चिठ्ठीसकट.