शेतात सापडलेली बंदुकीची जुनी गोळी कशी ओळखावी

धातू शोधणारा डिटेक्टर स्वतःच्या किंवा मालकानं परवानगी दिलेल्या शेतातच फिरवा; संरक्षित किल्ल्याच्या, गढीच्या वाटेला जाऊ नका. भोक असलेला पोकळ लोखंडी गोळा दिसला तर तो कुलपी गोळा असू शकतो, आत दारू भरलेली असू शकते. त्याला हात न लावता ११२ ला फोन करा.

किती खोल सापडली यावरून वय सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून मिटते. काल पडलेली वस्तूही भेगेतून हातभर खाली जाते.

चिंच-लिंबानं घासू तर मुळीच नका. जुनी गोळी म्हणजे शिशाचा गोल गोटा; शिशावरची पांढुरकी खपली हीच जुनेपणाची पहिली खूण, आणि आंबटानं तीच जाते. साध्या पाण्यात मऊ ब्रश फिरवा, नंतर हात साबणानं धुवा. ती खपली विषारी असते.

लोहचुंबकाला चिकटली तर ते शिसं नव्हे. आरपार भोक असेल तर बहुधा मासेमारीच्या जाळ्याचं वजन.

खरी अडचण चेपलेल्या गोळीची. तिला कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) लावून काही कळत नाही, तरी लोक तेच करत बसतात. मलाही इथंच सगळ्यात जास्त झगडावं लागलं. वजन मात्र चेपल्यानं बदलत नाही. सोनाराकडचा बारीक काटा घ्या. गोळीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि गोळी दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता दिसणाऱ्या आकड्यानं मूळ वजनाला भागा. उत्तर ११ च्या आसपास आलं तर शिसं, साडेआठच्या आसपास पितळ, अडीच-तीन आलं तर दगड. खपली जाड असेल तर शिशाचंही उत्तर थोडं कमी येतं.

शिसं ठरलं की ग्रॅममधल्या वजनाला ५.९४ नं भागून घनमूळ काढा. मूळचा व्यास सेंटिमीटरमध्ये मिळतो. १५ ग्रॅमची गोळी साधारण १३.६ मिलिमीटरची, ३१ ग्रॅमची १७.३ च्या जवळपास. ही दुसरी इंग्रजी पायदळाच्या बंदुकीला बसते.

पण तेवढ्यावरून, असईजवळच्या भोकरदनकडच्या शेतात अशी गोळी मिळाली की ‘१८०३ च्या असईच्या लढाईतली वेलस्लीची’ (म्हणजे इंग्रज सेनापतीच्या फौजेची) असं लगेच जाहीर करू नका. विरुद्ध बाजूच्या शिंद्यांच्या कवायती पलटणीही विलायती धर्तीच्या बंदुका वापरत. एका गोळीवरून बाजू ठरवणं मला मान्य नाही. उदगीर (१७६०) आणि राक्षसभुवन (१७६३) या मराठे-निजाम लढायांच्या परिसरातल्या गोळ्यांनाही हाच नियम.

थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफलच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचं काम सोपं: बुडावरचे आकडे-अक्षरं वाचा. तिथलं साल बनवल्याचं असतं, झाडल्याचं नव्हे. ही काडतुसं पोलिसांकडे १९४८ नंतरही कित्येक वर्षं होती, त्यामुळे प्रत्येक पुंगळी पोलीस ॲक्शनची (१९४८ च्या हैदराबादवरच्या कारवाईची) समजू नका.

सापडल्या जागीच फोटो काढा, गट नंबर आणि बांधापासूनचं अंतर लिहून ठेवा. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तो अर्ज देताना हीच नोंद सोबत जोडा.