किडनीचं नर्सिंग शिकवायला येताय? आधी डायलिसिस युनिटमध्ये काम करा

नर्सिंगमध्ये शिकवायचंय आणि किडनीच्या आजारांवरच काम करायचंय, असं म्हणणारी मुलं-मुली हल्ली बऱ्याच भेटतात. अकोला-बुलडाण्याकडची असली तर कारण विचारावं लागत नाही. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या गावांत त्यांनी किडनीचे पेशंट जवळून पाहिलेले असतात. दोष पाण्याचाच, असं गावात सगळेच म्हणतात. वर्गात मात्र मधुमेह, रक्तदाब आणि मनाने घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या यांबद्दलही तितकंच ठासून सांगा. कापूस वेचून कंबर धरली की मेडिकलमधून गोळी आणायची, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे.

बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, वॉर्डातला अनुभव, मग एम.एस्सी.ची दोन वर्षं. रीनल नर्सिंगची वर्षभराची पोस्ट बेसिक पदविकाही आहे. ही माहिती कुठेही मिळेल. माझा आग्रह वेगळा आहे: हातात खडू घेण्याआधी डायलिसिस युनिटमध्ये ड्युट्या करा. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमापासून जिल्हा रुग्णालयांतून ही सोय वाढली आहे. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं. आरओ बंद पडतो आणि पहाटेच्या एसटीने आलेली माणसं व्हरांड्यात ताटकळतात, तेव्हा ती ओळ कळते.

आता वर्गाकडे येते, कारण माझा जीव तिथे जास्त गुंतला आहे. आपल्या वर्गात मराठी माध्यमातल्या मुली असतात, घरी गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या असतात, कुणाला कमी ऐकू येतं. इंग्रजी उत्तरपत्रिका पाहून त्यांना कच्च्या ठरवू नका. माझ्या एका विद्यार्थिनीला स्टेथोस्कोपमधून फिस्चुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेचा, आवाज नीट ऐकू यायचा नाही. मी तिला आधी बोटं ठेवायला शिकवलं. मनगटाच्या जरा वर, तीन बोटं, अगदी हलकी. मांजर घुरघुरतं तशी थरथर लागली तर फिस्चुला चालू. ती गेली किंवा मंदावली की लगेच डॉक्टरांना कळवायचं, आणि त्या हाताला ना बीपीचा पट्टा, ना सुई. तिची बोटं इतकी तयार झाली की बाकीच्या मुली खात्री करायला तिला हाक मारू लागल्या. आवाज ऐकण्यासाठी आवाज वाढवणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप मिळतो. कॉलेजकडे त्याची मागणी लेखी करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, तो स्वतः वाचा. नर्सिंग प्रवेशाच्या दिव्यांगत्वाबाबतच्या अटी वेगळ्या असतात, त्याही तपासा, म्हणजे मुलांना अर्धवट माहिती जाणार नाही.

दुसरी मुलगी कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. वर्गात तोंड उघडायची नाही. वॉर्डात एका पेशंटचं वजन अंगात पाणी साठून दर खेपेला वाढून यायचं आणि तो शपथेवर सांगायचा की पाणी मोजूनच पितो. तिने त्याच्या बायकोशी त्यांच्या भाषेत बोलून दिवसभराचं खाणंपिणं विचारलं. पाणी गडव्याने मोजलेलं होतं, पण चहा, ताक आणि पातळ वरण कुणी हिशेबातच धरलं नव्हतं. त्यानंतर मी आहाराचा धडा घरातल्या भांड्यांवरून शिकवू लागले: गडवा, कप, वाटी, प्रत्येकात किती मिलिलिटर. भेटायला येणारे शहाळं आणि संत्री आणतात, त्यातलं पोटॅशियम या पेशंटच्या हृदयाला धोक्याचं, हेही नातेवाइकांसमोर मुलींकडूनच वदवून घेते. परीक्षेत हेच इंग्रजीत लिहायचं आहे, म्हणून शब्दांची दुभाषी वही पहिल्या आठवड्यापासून ठेवायला लावते.

तुमची पहिली पोस्टिंग निवडता आली तर मे महिन्यात घ्या. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना तहानलेल्या माणसाला मोजून पाणी प्यायला कसं सांगायचं, हे शिकायला आपल्याकडे दुसरा हंगाम नाही. तोंडात बर्फाचा लहान खडा, चूळ भरून टाकणं, जेवणात मीठ कमी आणि लोणचं-पापड बंद, हे उपाय तेव्हा स्वतः पेशंटसोबत करून पाहता येतात. बर्फही पाण्याच्या हिशेबात धरायचा, हे सांगायला विसरू नका.