पायथन ३.८ वरून ३.१२ वर: पायथन आणि पॅकेजेस दोन्ही एकदम हलवू नका

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कळव्याच्या घरात सगळे झोपलेले, आणि माझ्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडत नव्हतं. चिन्हावर क्लिक केलं की क्षणभर गोल फिरायचं आणि संपलं. ना एरर, ना खिडकी. गणपती चार दिवसांवर आले होते आणि सुट्टीआधी पायथनचं अपग्रेड संपवायचं, असं मी ऑफिसात सांगून बसले होते.

महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत लागून मला तीन महिने झाले होते. गोदामांतल्या साठ्याचे रोजचे अहवाल काढणारा आमचा कोड उबंटू २०.०४ वर, पायथन ३.८ मध्ये चालायचा. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपणार होती, म्हणून ३.१२ वर जायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. नव्याने लिनक्सवर काम सुरू करणाऱ्या कुणाकडेही हे काम येऊ शकतं. त्यात माझे जे दिवस गेले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

टर्मिनल का मेलं, ते आधी. डेडस्नेक्सच्या पीपीएमधून (उबंटूसाठी पायथनच्या इतर आवृत्त्या देणाऱ्या बाहेरच्या भांडारातून) ३.१२ इन्स्टॉल केलं होतं, त्यात काही चूक नव्हती. चूक पुढची. नुसतं 'पायथन३' म्हटलं की ३.१२ चालावं म्हणून अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज (एखादं नाव कुठल्या प्रोग्रॅमकडे जावं ते ठरवणारी कमांड) वापरून मी यूएसआर-बिनमधलं 'पायथन३' हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवलं. पण त्या नावावर आपल्याआधी उबंटूचा हक्क असतो. टर्मिनल सुरू करणारी फाइल ही स्वतःच पायथनची स्क्रिप्ट आहे, आणि ऍप्टच्या (उबंटूत सॉफ्टवेअर घालणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आसपासची बरीच हत्यारंही पायथनचीच आहेत. त्यांना लागणारे 'जीआय' आणि 'ऍप्ट_पीकेजी' हे मॉड्यूल ३.८ साठी कंपाइल केलेले असतात. ३.१२ ला ते सापडतच नाहीत.

यातून बाहेर पडायला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळा पडदा येतो, तिथे लॉगिन करा आणि 'पायथन३' ची लिंक परत ३.८ कडे जोडा. कंट्रोल-ऑल्टबरोबर एफ१ किंवा एफ२ दाबून पुन्हा डेस्कटॉपवर या, टर्मिनल उघडेल. घाबरून 'ऍप्ट रिमूव्ह पायथन३' मात्र कधीही करू नका. पायथनवर अवलंबून असलेलं अर्धं डेस्कटॉप त्याच्याबरोबर निघून जातं. ऍप्ट काढायच्या पॅकेजांची यादी आधी दाखवतो. ती वाचल्याशिवाय 'वाय' दाबायचं नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. सिस्टीमचं पायथन सिस्टीमचं, आपलं आपलं. नवी आवृत्ती नेहमी पूर्ण नावाने, म्हणजे 'पायथन३.१२' अशीच बोलवायची आणि तिच्यापासून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथन आणि पॅकेजेसचं सिस्टीमपासून वेगळं फोल्डर, बनवायचं. त्यासाठी त्याच आवृत्तीचं 'व्हेनव्ह' पॅकेज वेगळं घालावं लागतं, आणि काही कंपाइल करायची वेळ आली तर 'डेव्ह' सुद्धा. तुम्ही उबंटू २४.०४ वर असाल तर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं हत्यार) चालवल्यावर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार येतो. तो नकार तुमच्या भल्याचा आहे. तो मोडायचा पर्याय त्याच संदेशात लिहिलेला असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी खरं काम सुरू झालं. ३.१२ चं कोरं एन्व्हायर्नमेंट केलं, जुनी रिक्वायरमेंट्सची फाइल, म्हणजे कोडला लागणाऱ्या पॅकेजेसची आवृत्त्यांसकट यादी, पिपला दिली आणि पडदा लाल झाला. एक आवृत्ती बदलली, दुसरा एरर. तो शोधला, तिसरा. संध्याकाळी टीममधल्या सीनियर ताई शेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "तू पायथनही बदलतेयस आणि पॅकेजेसही. मोडलं तर कोणामुळे मोडलं, हे तुला कसं कळणार?"

आमच्या कोपरखैरणे ते ठाणे प्रवासात त्या रात्री मी वहीत एक तक्ता काढला. कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती कुठल्या पायथनवर चालते, एवढाच. पायपीआयच्या (पिप जिथून पॅकेजेस आणतो त्या भांडाराच्या) साइटवर प्रत्येक आवृत्तीच्या पानावर हे लिहिलेलं असतं, आणि 'डाउनलोड फाइल्स'मध्ये व्हीलच्या नावातच सीपी३८, सीपी३१०, सीपी३१२ असं दिसतं. व्हील म्हणजे त्या पायथनसाठी आधीच कंपाइल केलेली तयार फाइल. ते नसेल तर पिप मूळ कोड आणून तुमच्या मशीनवर कंपाइल करायला बघतो, आणि नवख्या माणसाला हैराण करणारे शंभर ओळींचे एरर बहुतेक तिथूनच येतात.

तक्ता पुरा झाला तेव्हा माझा दिवस का वाया गेला ते दिसलं. नमपाय, पँडाज आणि सायपाय ही आमची आकडेमोडीची मुख्य पॅकेजेस. नमपायची ३.८ वर चालणारी शेवटची आवृत्ती १.२४.४. ३.१२ साठी पहिलं तयार व्हील १.२६.० चं. पँडाजचंही तसंच: ३.८ वर शेवटची २.०.३, आणि ३.१२ साठी व्हील २.१.१ पासून. सायपाय १.१०.१ तर ३.१२ वर चालणार नाही असं स्वतःच जाहीर करतं. म्हणजे दोन्ही पायथनवर तशीच्या तशी चालेल अशी एकही फाइल असणं शक्य नव्हतं. पिपचं काही चुकत नव्हतं. मध्ये मुळात पूलच नव्हता.

पूल होता ३.१० चा. नमपाय १.२४.४, पँडाज २.०.३, सायपाय १.१०.१ हे तिघंही ३.१० वर चालतात. आणि ३.१२ वर चालणारं नमपाय १.२६, पँडाज २.२ हेही ३.१० वर चालतात. म्हणून मग असं केलं. आधी ३.१० चं एन्व्हायर्नमेंट, पॅकेजेस जुनीच. चाचण्या चालवल्या, कालचा अहवाल दोन्हीकडून काढून आकडे ताडले. मग पायथन ३.१० च ठेवून पॅकेजेस वर नेली आणि पुन्हा ताडले. शेवटी पॅकेजेस तशीच ठेवून ३.१२. पायऱ्या तीन, आणि प्रत्येक पायरीवर बदललेली गोष्ट एकच.

फाइलबद्दलही सांगते. आमची फाइल म्हणजे कुणीतरी केव्हातरी 'पिप फ्रीझ' करून (बसवलेल्या सगळ्या पॅकेजेसची यादी काढून) ठेवलेल्या ६४ ओळी. कोडमध्ये खरोखर इंपोर्ट होणारी पॅकेजेस शोधली तर ९ निघाली. बाकीची त्या नऊंनी आणलेली. ज्यांना आपण बोलावलंच नाही त्यांच्या आवृत्त्या बांधून ठेवल्या की तंटे आपणच तयार करतो. त्या ९ ची वेगळी छोटी फाइल केली आणि पूर्ण यादी पिप-टूल्सच्या 'पिप-कंपाइल'कडून बनवून घेतली. प्रत्येक ओळीखाली ते पॅकेज कुणामुळे आलं हेही तो लिहून देतो. हीच माहिती झाडासारखी बघायची असेल तर 'पिपडेपट्री' वापरा.

आता दुसऱ्या पायरीवरचा तंटा. मी 'पिप इन्स्टॉल -यू नमपाय>=१.२६' असं अवतरणचिन्हांशिवाय टाइप केलं. शेलने '>' चा अर्थ 'आउटपुट फाइलमध्ये टाक' असा घेतला, फोल्डरमध्ये '=१.२६' नावाची फाइल तयार झाली, आणि पिपला फक्त 'नमपाय अपग्रेड कर' एवढंच कळलं. आलं थेट २.१. (अट नेहमी अवतरणात लिहा. आणि नमपाय २ नको असेल तर वरची हद्दही लिहा: '<२'.) पडद्यावर लाल ओळी आल्या, त्यांचा अर्थ असा: सायपाय १.१०.१ ला नमपाय १.२७ च्या खालचं हवं, तुमच्याकडे २.१ आहे, जमत नाही.

नवीन माणूस इथे दोन प्रकारे फसतो. एक, लाल दिसलं म्हणून इन्स्टॉल झालंच नाही असं वाटतं. झालेलं असतं. हा संदेश नंतरचा इशारा आहे, आणि एन्व्हायर्नमेंट त्या क्षणी मोडलेलं आहे. पिप खरंच नकार देतो तेव्हा शब्द वेगळा येतो, 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल', आणि त्याच्या वर 'कॉन्फ्लिक्ट इज कॉज्ड बाय' खाली कुणाची काय अट आहे ते एकेका ओळीत असतं. त्या ओळी कागदावर उतरवा. दोन अटींपैकी कुठली सैल होऊ शकते, एवढाच प्रश्न उरतो, आणि बहुतेकदा उत्तर असतं: अट घालणाऱ्याची नवी आवृत्ती घ्या.

दुसरी फसगत जास्त वाईट. सायपायने निदान तक्रार केली. पँडाज २.०.३ ने नमपायला वरची हद्दच घातलेली नाही, त्यामुळे 'पिप चेक' (बसवलेल्या पॅकेजेसच्या अटी जुळतात का ते तपासणारी कमांड) त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण ते नमपाय १ साठी कंपाइल झालेलं आहे, आणि जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २ ने आतली बायनरी मांडणीच बदलली. इंपोर्ट केल्याबरोबर 'नमपाय डीटाइप साइझ चेंज्ड' असा एरर येतो. म्हणून 'पिप चेक' करायचंच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. मुख्य पॅकेजेस एकदा इंपोर्ट करून बघायची.

त्यावरचा उपाय साधा निघाला. तिघांना एकाच कमांडमध्ये मागितलं: नमपाय २ च्या खालचं, पँडाज २.२.२, सायपाय १.१३.१. एकेक मागितलं की पिप प्रत्येक वेळी त्या एकाचंच भलं बघतो. एकदम मागितलं की सगळ्यांच्या अटी एकत्र सोडवतो.

तिसरी पायरी अर्ध्या दिवसात झाली. ३.१२ मधून डिस्टयूटिल्स (पॅकेजेस बांधायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलेलं आहे आणि नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये त्याची जागा घेणारं सेटअपटूल्सही आपोआप येत नाही. आमचं एक जुनं पॅकेज त्यावर अडलं, सेटअपटूल्स घातल्यावर चाललं. अशा गोष्टींची चाहूल आधी लागते, म्हणून जुन्या पायथनवरच कोड एकदा '-डब्ल्यू डिफॉल्ट' देऊन चालवा. 'डेप्रिकेशन वॉर्निंग' असलेली प्रत्येक ओळ म्हणजे पुढच्या एखाद्या आवृत्तीत मोडणारी जागा.

गणपतीच्या आधी काम झालं नाही. विसर्जनानंतरच्या सोमवारी ३.१२ सर्व्हरवर गेलं. ३.८ चं एन्व्हायर्नमेंट ताईंनी मला हटवू दिलं नाही, महिनाअखेरचे दोन अहवाल होऊ दे म्हणाल्या. दिवाळीनंतर कामावर आले तेव्हा ऑक्टोबरचा अहवाल दोन्हीकडून काढला, ओळीला ओळ लावून ताडला, आणि मगच ते फोल्डर काढलं.