नदीच्या दगडावरचे डायटम: स्वच्छ स्लाइड कशी करावी

डायटम या सूक्ष्म, एकपेशीय शैवालाला मराठीत करंडक वनस्पती म्हणतात ते अगदी चपखल: सिलिकाच्या कवचाची दोन अर्धुके करंडा आणि झाकणासारखी एकमेकांवर बसतात. प्रजाती ओळखायची ती त्यावरच्या नक्षीवरून, म्हणून आतला जीवद्रव्याचा गाळ आधी जाळायलाच हवा.

वाहत्या पाण्यातले, हाताला बुळबुळीत लागणारे तपकिरी थराचे पाच दगड घ्या. हिरव्या तंतूंचे नकोत. नव्या टूथब्रशने थोड्या पाण्यात घासा. जुना ब्रश मागच्या नदीचे डायटम सोबत आणतो.

५ मिली नमुन्यात २० मिली ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे घाला. एकदम ओतले की फेस उसळून बीकरबाहेर येतो. हातमोजे, चष्मा लावून, धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटात ९० अंशांवर दोन-तीन तास तापवा. थंड झाल्यावर चुना विरघळवण्यासाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घाला. मग ऊर्ध्वपातित पाण्याने चारदा धुवा, दर वेळी रात्रभर निवळू द्या. घाईत वरचे पाणी ओतले तर बारीक प्रजाती आधी जातात.

धुतलेल्या नमुन्याचा थेंब कव्हरस्लिपवर (स्लाइड झाकायची पातळ काच) ठेवून हवेतच सुकवा. आचेवर कवचांचे पुंजके होतात. ती स्लाइडवर चिकटवायला कॅनडा बाल्सम या राळेपेक्षा नॅफ्रॅक्स ही राळ घ्या: तिचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) सुमारे १.७, त्यामुळे रेघा ठळक दिसतात. पाहायला १०० पट तेल-भिंग.