मनाली-लेह स्वतःच्या गाडीने? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एक स्क्रीनशॉट येतो. पाठवणारा दरवर्षी वेगळा, प्लॅन तोच. पहिला दिवस मनाली, दुसरा सरचू, तिसरा लेह, चौथा खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा, पाचवा पँगाँग, सहावा हानले, सातव्या दिवशी उमलिंग ला आणि मग परत. खाली एक ओळ: "जमेल ना? सुट्टी नऊच दिवस आहे." मी पुण्याहून या रस्त्याला चारदा गाडी घातली आहे. नाही जमत. म्हणजे गाडीला जमतं, माणसाला जमत नाही. आणि रस्त्यात काय होतं हे विचारण्याआधीच हॉटेलं बुक झालेली असतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

मनाली ते लेह साधारण ४३० किलोमीटर. "म्हणजे पुणे-गोवाच की," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर बोलायचं सोडून दिलंय. या रस्त्यावर मी तासाला २५ किलोमीटर धरतो. चांगला डांबरी पट्टा लागला तर वाचलेला वेळ चहाला. फोनमधला नकाशा सांगेल ती वेळ विसरा. पुढे लष्कराच्या चाळीस ट्रकांचा ताफा आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

पण किलोमीटरपेक्षा महत्त्वाचा आकडा उंचीचा, कारण वर हवा विरळ होते आणि शरीराला सरावायला वेळ लागतो. तो आकडा प्लॅनमध्ये कुणीच लिहीत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. दिवसा खिंड कितीही उंच चढा, झोपायला खाली या. आता हिशेब करा: मनाली २,०५० मीटर, सरचू ४,२९० मीटर. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर जाऊन झोपायचं.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. २०२२ च्या सप्टेंबरात, गणपती विसर्जन आटोपून आम्ही निघालो. मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ. मुक्काम जिस्पाला ठरलेला, ३,२०० मीटरवर. पण २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगची खिंड चढायचा त्रास संपलाय. सकाळी सहाला मनाली सोडलं आणि साडेनऊला केलाँगमध्ये पराठे खात बसलो होतो. जिस्पा आलं तेव्हा अकराही वाजले नव्हते. मेहुणा म्हणाला, "दाजी, आत्ता कुठे थांबायचं? अख्खा दिवस पडलाय." मीही म्हटलं, खरंच की. तिसरी खेप होती, मला सगळं कळत होतं ना! बोगद्याने चार-पाच तास वाचवले हे खरं, पण पूर्वी रोहतांगवर दमून लोक आपसूक केलाँगला थांबायचे. तो ब्रेक आता गेला.

चारच्या सुमाराला सरचूच्या तंबूत पोचलो. मेहुण्याचं डोकं दुखत होतं, त्याने एक गोळी घेतली, जेवला नाही. रात्री दीडला तो उलटी करायला बाहेर गेला आणि परत येताना तंबूच्या दोरीत अडकून पडला. मी टॉर्च धरून त्याला जमिनीवर एका रेषेत, टाचेला पायाचा अंगठा लावून चालायला सांगितलं. चार पावलांत तो दारू प्यायल्यासारखा डावीकडे कलंडला. दारूचा थेंबही घेतला नव्हता. तंबूवाला उठून आला, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाईसाब, इसको नीचे ले जाओ."

सरचूची खरी गोची इथे कळते. खाली जायला आधी वर चढावं लागतं. मागे बारालाचा ला ४,८९० मीटर, पुढे लाचुंग ला ५,००० च्या वर आणि त्यापलीकडचं पांग सरचूपेक्षाही उंच. फोनला रेंज नाही. तंबूवाल्याने एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि स्वतःचा ड्रायव्हर दिला, कारण काळोखात मला तो रस्ता झेपला नसता. मी मागच्या सीटवर मेहुण्याच्या नाकावर मास्क धरून बसलो. डिकीत वेफर्सची पाकिटं फुग्यासारखी टरटरून फुगली होती. बारालाचाच्या चढावर त्यातलं एक फाटकन फुटलं आणि बायको रडायलाच लागली. पहाटे जिस्पाला उतरलो. अकरा वाजता हा पठ्ठ्या वरण-भात मागत होता. औषध काय लागलं? हजार मीटर उतार, एवढंच.

त्यानंतर माझा नियम: जाताना श्रीनगर, येताना मनाली. पुण्याहून श्रीनगर सव्वादोन हजार किलोमीटर पडतं, लांब आहे, कबूल. पण श्रीनगर १,६०० मीटरच्या आतबाहेर, मग कारगिल २,७०० च्या आसपास, मग लेह ३,५००. वाटेतली सगळ्यात उंच खिंड फोटू ला, तीही ४,१०८ मीटरच. शरीर पायरी पायरीने चढतं. लेहमध्ये दोन रात्री काहीही न करता काढायच्या. परतताना सरचूला थांबायची गरजच नाही, आणि थांबलात तरी तोवर अंग सरावलेलं असतं. मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पाला दोन रात्री. उंचीच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल घरून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डोकेदुखीची गोळी घेऊन पुढे दामटणं म्हणजे धोक्याचा दिवा पेटला म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणं.

उमलिंग लाचा फोटो तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहिजे असणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. १९,०२४ फूट आहे ते. खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात ती खिंड १७,६०० फुटांच्या आत भरते. लोक त्या आठशे फुटांसाठी फोटो काढत राहिले.

दुपारी नाले ओलांडणं

वरून बर्फ वितळून येणारं पाणी थेट रस्त्यावरून वाहतं. रात्री सगळं गोठतं, म्हणून सकाळी सातला जिथे घोटाभर पाणी असतं तिथेच दुपारी तीनला बंपरपर्यंत लोट येतो. उपाय साधा आहे: साडेपाचला निघा, तीनला थांबा. "आम्हाला सकाळी उठवत नाही" म्हणणाऱ्यांनी महाबळेश्वरला जावं.

नाल्यापाशी आलात तर आधी गाडीतून उतरा. एक ट्रक जाऊ द्या आणि त्याची चाकं कुठून जातात, किती बुडतात ते बघा. मग पहिला गियर, एकसारखा ॲक्सिलरेटर. मध्ये क्लच दाबायचा नाही, गियर बदलायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून काढा.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणं

खंडाळ्याचा घाट म्हणजे साडेपाचशे-सहाशे मीटरचा उतार. बारालाचावरून दारचापर्यंत दीड हजार मीटर उतरायचं असतं. आपल्याकडे ज्या सवयी खपून जातात त्या तिथे खपत नाहीत. दहा मिनिटांत जळका वास येतो, मग पेडल स्पंजासारखं आत जातं. ज्या गियरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गियरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर टाका. ते बटण कुठे आहे हे निदान पुण्यात शोधून ठेवा. वास आलाच तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर बाटलीभर गार पाणी ओतणारे वीर मी पाहिलेत. डिस्क वाकते, आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

बाकीच्या, थोडक्यात

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणं: बर्फाच्या भिंती सुंदर, पण रस्ता नुकता उघडलेला आणि तंबू पुरते लागलेले नसतात. दिवाळीच्या सुट्टीत तर ते गुंडाळून लोक गावी गेलेले असतात. जुलैत हिमाचलात दरडी. २०२३ च्या जुलैत चंद्रतालला अडीचशेहून जास्त माणसं बर्फात अडकली होती. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा.

प्रीपेड सिम: बाहेरच्या राज्यातलं लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड घ्या.

केलाँगच्या अलीकडे टांडीच्या पंपावर "अजून अर्धी टाकी आहे" म्हणून न थांबणं: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली पाटीच प्रसिद्ध आहे. चढावर गाडी पितेही जास्त. टाकी काठोकाठ भरा.

ट्रिपसाठी म्हणून फोर-बाय-फोर घेणं: गरज नाही. चांगले टायर आणि हवा भरलेली स्टेपनी घ्या. स्टेपनीत हवा नसणं हा महाराष्ट्राचा राष्ट्रीय दोष आहे.

मोरे मैदानावर ऐंशीने पळवणं: चाळीस किलोमीटर सपाट रस्ता बघून भल्याभल्यांचं भान जातं. मधले खड्डे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

राखीव दिवस न ठेवणं: पुण्याहून जाऊन-येऊन सतरा-अठरा दिवस धरा, त्यातले दोन रिकामे. तेवढी रजा नसेल तर विमानाने लेहला जा, तिथे गाडी भाड्याने घ्या, कुणी हसणार नाही.

आणि नाल्यातून ओली होऊन आलेली गाडी रात्री हँडब्रेक ओढून उभी करणं: थंडीत ब्रेक गोठून चिकटतो, सकाळी मागची चाकं फिरत नाहीत. गाडी गियरमध्ये टाका, चाकाखाली दोन दगड लावा. निघताना ते दगड काढून रस्त्याच्या कडेला टाका. मी दोनदा विसरलोय, आणि दुसऱ्या वेळी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने मला बोलावून, माझ्याच हाताने ते उचलायला लावले.