आजारपणात पगार बुडाला तर: ईएसआय आणि निराधार योजना

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये काम करताना पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर आजारपणाचा भत्ता हा तुमचा हक्क आहे, कंपनीची मेहेरबानी नव्हे.

आधी वर्गणीचे दिवस मोजा. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये भत्ता मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. दर सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. म्हणजे रोज ६०० रुपये पडत असतील, तर दहा दिवसांच्या आजारपणाचे ८ × ४२० = ३,३६० रुपये. दाखला ईएसआय दवाखान्यातूनच, पहिल्याच दिवशी घ्या. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर दावा हमखास रखडतो. कंपनीने कापलेली वर्गणी खरंच भरली का, हेही पोर्टलवर बघा.

वर्गणीच नसेल, तर राज्य सरकारची दरमहा आर्थिक मदत देणारी संजय गांधी निराधार योजना. तिथे उत्पन्न बघतात: कुटुंबाचं वार्षिक २१,००० रुपयांच्या आत. क्षयरोग, कर्करोगासारखा दुर्धर आजार असलेल्यांनी वैद्यकीय दाखला, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसील कार्यालय गाठावं. ऐरोली ते बेलापूरकरांसाठी ते ठाण्याला.